आठच आवाज

मधी बोलू नका रायभानमामा. थोबाडीत मारायची तर मंग मारा, आधी हे वाचा. आणि खाली यायला यारीच्या बादलीत पाय टाकू नका.

मी, प्रज्ञाकर सत्यशीला खरात, वय सव्वीस, बी.ए., धंदा विहिरी खांदायचा, हे मृत्युपत्र शुद्धीत लिहून राह्यलो. दारू प्यालो न्हाई, ताप न्हाई, कोणाची जबरदस्ती न्हाई. घाईत लिहून राह्यलो म्हणून अक्षर असं. मामा, तुम्ही डिझेल आणायला कुंभार पिंपळगावला गेलात, तेवढाच वेळ माझ्याकडं.

कलम १. कबुली. काल दिवस मावळायच्या आधी तातेरावांच्या विहिरीत सुरुंगवाल्यानं नऊ सुरुंग लावून पेटवले. तुमचा उजवा कान बारुदीनं कवाच गेला, म्हणून आवाज मोजायचं काम माझं. आपल्या टोळीची रीत अशी की एक आवाज जरी कमी आला, तरी ज्यानं मोजले त्यानंच आधी उतरून न फुटलेला सुरुंग हुडकायचा. तुम्ही विचारलं, "पप्पू, किती?" मी म्हणालो, "नऊ. बराबर नऊ."

आठ होते.

तुम्ही लगेच पहार घासायला बसले. सकाळी उतरून सुटे दगड पाडणार. ती पहार त्या सुरुंगावर बसली असती.

कलम २. पत्र्याची खोली अन् बँकेत असंल ते आईचं. तिनं परित्राण पाठाचा, राखणीचा पांढरा दोरा माझ्या मनगटाला बांधला होता, तो सोडून ह्या कागदात ठेवलाय. आई, राग मानू नको. तूच शिकवलं की आपला आसरा आपणच, दुसरा कोण होणार. अन् तूच दोरा बांधला. मी तुला कधी विचारलं न्हाई, कारण मलापण तो बांधलेला बरा वाटायचा.

कलम ३. माझ्या वह्या. त्यात भीतीवर लई लिव्हलंय. भगवान बुद्ध रानात, भेसूर जागी मुद्दाम राह्यचे. चालताना भेव आलं तर बसायचे न्हाई, चालतच ते भेव मोडायचे. बसल्यावर आलं तर उठायचे न्हाई. हे मी विहारात माईकवर सांगितलं, टाळ्या घेतल्या. काल काठावर उभा होतो. भेव आलं. मला नुसतं उभं राह्यचं होतं अन् एक आकडा सांगायचा होता. रोज सकाळी बुद्धाला सरण म्हणतो; काल मी भेवाला सरण गेल्तो. भेव वाटलं ह्याची लाज न्हाई. आपलं भेव दुसऱ्याच्या पहारीखाली ठेवलं, त्याची आहे.

वह्या चुलीत घाला. द्वारकामामीला जळणाची अडचण आहेच.

कलम ४. तातेराव, तुम्ही म्हणाले होते, "बी.ए. करून दगडच उपसायचे व्हते तं शाळंत कायले गेला?" तुम्हाला काहीच ठेवत न्हाई. विहीर मात्र पुरी करून घ्या, पाणी लागंल.

कलम ५. सुरुंगवाल्याला सकाळीच फोन केला. म्हणाला, "काल नऊ म्हन्ला ना? मंग माझं काम झालं. मी जालन्यात हाये, परवा पाहू." मामा, आठ होते हे कळल्यावर तुम्ही परवापर्यंत थांबाल? न्हाई थांबणार. मला बाजूला सारून म्हणाल, "लेकरा, तू सर." नववीत नापास झालो तवा तुम्ही मला मारलं, मंग माझ्या वाट्याची फी घेऊन स्वतः मास्तरकडं गेले. प्रत्येक येळी माझ्याजागी तुम्ही. हाच माझा तुमच्यावरचा राग. आज तुम्हाला मध्ये येऊ देत न्हाई.

पहार नेत न्हाई. दोन घागरी पाणी नेतो. सुरुंग सापडला तर पाणी ओतून बारूद भिजवून, खूण करून, बाजूला बसतो.

कलम ६. मी जेवढा सापडेन तेवढा गोळा करा. कोणी "शूर होता" म्हणलं तर त्याला कलम १ वाचून दाखवा.

साक्षीदार:
द्वारकाबाई, रायभानमामांची बायको. अंगठा. "कायचा कागद हाय रं?" म्हणाली. मी म्हणालो, विम्याचा. नऊनंतरचं हे दुसरं खोटं.
कलीम, यारीवाला, बादली खाली-वर करणारा. सही. त्यानं सगळं वाचलं. "पागल हुआ क्या रे? मामू मेरेकू जिंदा नै छोडते." मंग यारीच्या ब्रेकवर हात ठेवला.

मामा, उतरायच्या आधी तुम्ही चपला घराकडं तोंड करून काढता, म्हणजे त्यांना वाट ठाऊक राहते म्हणता. मी हसायचो. आज तशाच काढल्यात.

यारीत डिझेल न्हाई. खाली जायला लागत न्हाई, ब्रेक सैल केला की झालं. वर यायला लागतं. ते तुम्ही आणून राह्यले.

तातेरावांचा मळा, कुंभार पिंपळगाव शिवार, ता. घनसावंगी, जि. जालना. ११ मार्च २०२५, सकाळ.

प्रज्ञाकर

तुमची मोटरसायकल वळणावर आली, आवाज ऐकू येऊन राह्यला. कलीम, सोड.