रक्तातली खूण

काउटोकेइनो, १८ जानेवारी १९९३

ती. माग्गाआत्यास,

सा. न. वि. वि. त्यातला 'साष्टांग' सध्या पाठीला झेपत नाही, तेव्हा उभ्याउभ्या केलेलाच गोड मानून घ्यावा.

हिवाळ्याआधी तुमच्या ट्रोम्सोचे डॉक्टर येऊन अर्ध्या गावाचे रक्त घेऊन गेले होते. त्याचा कागद काल आला. माझ्या रक्तात संधिवाताची ती खूण निघाली. नाव अवघड आहे, शेवटी सत्तावीस हा आकडा आहे. मी तीनदा उतरवून ताडून पाहिले, बरोबर आहे.

रोज सकाळी पाठ फळीसारखी होते. कुत्र्यापुढे खाणे ठेवायचे तर आधी भिंत धरावी लागते. काम करता करता दुपारपर्यंत सुटते. बाबांना कागद वाचून दाखवला तर ते माझ्यावरच चिडले. त्यांची पाठ अडली ती रेनडियरने त्यांना घसरगाडीसकट गोठलेल्या तळ्यावरून फरफटत नेले तेव्हा, हे साऱ्या गावाला माहीत आहे. आता ते रक्तातच होते म्हटल्यावर त्या रेनडियरने मग काय केले, असे ते मला विचारतात. आजोबा आपल्या पाठीचा दोष ज्या लांडग्याला देत, त्याचीही तीच गत होणार.

मला वेगळीच काळजी आहे. आपल्या जनावरांच्या कानांवर घराण्याची खूण कापलेली असते, तशीच ही आपल्या रक्तावर कुणी कापली का? आणि आपल्या सामी लोकांवरच का? ईस्टरला सुन्नाच्या घरी मागणी घालायला जायचे आहे. जावयाला वाकता येत नाही हे तिच्या वडिलांना, योव्नांना, कळले तर ते दारातूनच परत पाठवतील. सांगितले तर सुन्ना हातची जाते, न सांगितले तर मला झोप लागत नाही. तू हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहेस. डॉक्टरांना सूप वाढता वाढता सहज विचार. माझे नाव काढू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा
निल्लास


ट्रोम्सो, २ फेब्रुवारी १९९३

चि. निल्लास यास अनेक आ.

तुझं नाव काढलं नाही. एका भाच्याबद्दल विचारायचंय, एवढंच म्हटलं. डॉक्टर लगेच म्हणाले, निल्लासबद्दल का? सुई दंडात असताना तू त्यांना चौदा प्रश्न विचारलेस म्हणे. असा पेशंट ते विसरत नाहीत.

आता नीट वाच. आपल्यात साधारण चौघांत एकाच्या रक्तात ती खूण सापडते. नॉर्वेजियनांत दहांत एकाच्या किंवा थोड्या अधिकांच्या, आणि जपानात शंभरांत एखाद्याच्या. असं का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. तेव्हा ती कानावरची खूण नव्हे रे राजा. कानावरून जनावर कुणाचं ते कळतं. ही खूण तर माझ्या नवऱ्याच्या काकांतही निघाली, आणि ते पक्के नॉर्वेजियन, रेनडियर फक्त ताटात ओळखतात. शिवाय खूण असलेल्या बहुतेकांची पाठ जन्मभर धड राहते. तुझी आखडते, म्हणून तू इथे येऊन दाखवायचंस. तोवर हिंडत राहा. बसून राहिलास तर आणखी आखडशील, असा निरोप आहे.

तुझ्या बाबाचं म्हणशील, तर तळ्यावरच्या त्या प्रकाराआधी तीन वर्षं, माझ्या लग्नात, त्याच्या बुटांचे बंद मीच बांधले होते. नवरीचा पोशाख सांभाळत. हे त्याला सांगू नकोस. त्याचा रेनडियर त्याच्यापाशी राहू दे.

सुन्नाकडे मात्र सांग. कधी आणि कसं, ते तुझं तू बघ. पण प्रश्न चौदा नकोत.

प्रकृतीला जप. माझी माया पाठीवर आहेच, जड वाटली तर कळव.

तुझी
माग्गाआत्या


काउटोकेइनो, १४ एप्रिल १९९३

ती. माग्गाआत्यास,

सा. न. वि. वि. या वेळी थोडा वाकलो आहे.

रविवारी बाबा, आई आणि मी सुन्नाकडे गेलो. रीतीप्रमाणे कॉफी आपली, चूल त्यांची. ती त्यांनी प्यायली की होकार, कपाला हात लावला नाही की घरी परत. आईने किटली चढवली. प्यायल्यावर सांगणे म्हणजे फसवणूक, असे वाटून मी पाणी उकळायच्या आत उभा राहिलो. उभे राहायलाच वेळ लागला, त्यामुळे सगळे आधीच माझ्याकडे बघत होते. खिशातून कागद काढून सगळे वाचले: खूण, पाठ, चौघांत एक, जपान. जपान कशाला, असे आई नंतर म्हणाली.

योव्नांनी एवढेच विचारले की जनावरावर फास टाकता येतो का. मी म्हणालो, दुपारनंतर येतो. ते म्हणाले, मग सकाळची जनावरे सुटली म्हणायची. बाबांनी तेवढ्यात तळ्याची गोष्ट काढली. योव्ना ती पूर्ण ऐकून म्हणाले की आपला स्वतःचा जबडा एकदा निसटला होता, त्यालाही हेच कारण सापडते का बघायला हवे. त्यांच्या बायकोने सांगितले की त्यांचा जबडा जास्त बोलून निसटला. किटली उतू गेली, तरी कप कुणी पुढे करेना.

तेव्हा सुन्ना उठली आणि कपाटातून एक कागद आणून माझ्या कागदाशेजारी ठेवला. तोच आकडा, सत्तावीस. नाव तिचे. तिची पाठ दुखत नाही, पण खूण आहे. जानेवारीपासून तो कागद रुमालांखाली होता. तिच्या आईलाही पत्ता नव्हता. योव्नांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले, मग कप पुढे केला. आईने इतका भरला की बशीत सांडला.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे ट्रोम्सोला येत आहोत. मुलांच्या रक्तात ही खूण उतरते का, हे डॉक्टरांना विचारायचे आहे. प्रश्न आता कमी आहेत, काही सुन्नाचे आहेत. तुझी माया अशीच असू दे, कमी पडली तर मी मागून घेईन.

तुझा
निल्लास

ता. क. परत निघताना मी सुन्नाला विचारले की तिचा कागद ती मला कधी दाखवणार होती. म्हणाली, कॉफी पिऊन झाल्यावर.