बेअरिंग ढिलं की घट्ट

११ जाने. ८८, सोम. अंबरनाथ
कॅम्प दोनचे फर्निचरवाले शेठ खाटेचे पाय परत घेऊन आले. स्वतः, रिक्षातून. "भाभी, हाथ फिराके देखो. लहर आती है." हात फिरवला. खरंच, अंगभर बारीक वळ्या. यांना लकवा झाल्यापासून लेथवर मीच उभी राहते. इतकी वर्षं पॉलिशपेपर मारायला, लाटणी कातायला होतेच. वाटलं, माझाच हात हलतो. पटाशीला धार लावून दुसरा पाय चढवला. तेच.

१३ जाने.
पट्टा काढून लाकूड फिरवणारा स्पिंडल दोन्ही हातांनी वर-खाली हलवला. टक. म्हणजे माझा हात नाही, बेअरिंग ढिलं. मागचा नट आवळायचा एवढं ठाऊक. किती, ते नाही. ते काम कायम यांचं. कान लावायचे, पान्याला एक झटका, झालं.
खुर्ची लेथजवळ नेऊन बसवलं. आवळू? "बरोबर." सोडू? "बरोबर." लकव्यानंतर तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी बरोबर, चटका बसला तरी बरोबर.

१५ जाने., शुक्र.
दिवसभर लाइट नाही. संध्याकाळी चालवला. नट अगदी हलेना एवढा आवळलेला. वळ्या गेल्या! थोड्या वेळात जळक्या ग्रीसचा वास. बेअरिंगपाशी हात ठेववेना. तेव्हाही यांचं "बरोबर". मी ओरडले. "काय बरोबर? जळतंय ते!" तोंड एवढंसं झालं त्यांचं. मग तो एक शब्दसुद्धा नाही. जेवण दोघांनाही गेलं नाही.

१८ जाने.
ठरवलं, विचारायचंच नाही. पट्टा काढला, नट सोडला. त्यांचा डावा हात, चांगला, स्पिंडलवर ठेवला. म्हटलं, तुम्ही फिरवा. मी नट थोडा थोडा आवळत गेले. डोळे मिटून फिरवत होते. एका जागी बोटं थांबली. माझं मनगट धरलं आणि पाना उलटा ढकलला. केसभर. माझ्याकडे पाहिलंही नाही. पूर्वी असेच करायचे, काम चालू असलं की मी दिसायचेच नाही. तेव्हा राग यायचा.
मोरीत जाऊन रडून आले.

१९ जाने.
लेथ तापू दिला, बंद करून परत तपासला. तापल्यावर बेअरिंग आणखी आवळतं, म्हणून थंड असताना किंचित ढिलं ठेवायचं. ते केसभर कशासाठी, आत्ता कळलं. सागाचा पाय कातला. काचेसारखा. त्यांनी अंगठा फिरवला. फिरवतच राहिले.

२७ जाने.
शेठ पाय घेऊन गेले. जाताना पाळण्याचे खांब सांगितले.

२ फेब्रु.
हे आपणहून उभे राहिले! लेथ चालू होता. मागे खुर्ची वाजली म्हणून वळले, तर भिंतीला धरून उभे. दवाखान्यात इतके व्यायाम करवले तेव्हा नाही उठले. देवाला साखर ठेवली.

१० फेब्रु.
काल लिहवलं नाही.
उजवा हात लोंबतो नुसता, त्यांना त्याची शुद्ध नसते. उठून लेथकडे आले. मी खांबात गुंतलेली. सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली. स्विच मारला, पण बेअरिंग इतकं हलकं लागलेलं की थांबेचना. फिरतच
दोन बोटं गेली. ओरडत होते, "बरोबर, बरोबर."

१४ फेब्रु., रवि.
धाकटे दीर बदलापूरहून आले. "वयनी, इकून टाक ती मशीन. चालू झाली का दादा उठनारच." खरं आहे. मधलं दार लावून चालवून बघितलं, तर दाराशी येऊन धडका देतात. बंद असला की दिवसभर भिंतीकडे तोंड.
शेठना खांब जमणार नाहीत म्हणून कळवलं.

२१ फेब्रु., रवि.
वांगणीचा एकजण लेथ बघून गेला. जाणता वाटला. स्पिंडल हलवला, चालवून हात ठेवला. "बाई, बेअरिंग कुणी लावलं? मस्त चाललंय." मी यांच्याकडे बोट केलं. तो यांच्या हाताच्या पट्टीकडे बघत राहिला. मग नमस्कार केला. घेतो म्हणाला.

२४ फेब्रु., बुध.
उद्या टेम्पो. जमिनीतले बोल्ट आज सोडून ठेवा म्हणालाय वांगणीचा. तीन सोडले. चौथा यांच्या खुर्चीखाली. खुर्ची सरकवू देत नाहीत. डावा हात स्पिंडलवर, हळूहळू फिरवतायत. पट्टा कधीच काढलाय, आवाज काही नाही. डोळे मिटलेले. चेहरा इतका निवांत बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.
पाना बाजूला ठेवून हे लिहितेय. "जरा उठता का," एवढंच म्हणायचंय.