लसीची तारीख

वसई,
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५
दुपारचे साडेचार

प्रिय क्षितिजा,

तीन महिने मी तुझ्याशी धड बोललो नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा "गाडी चालवतोय, ताईशी बोल" म्हणून मी तो सुरुचीच्या हातात दिला. गाडी बोळिंजला आमच्या इमारतीखाली उभी होती, आम्ही दोघं अजून आत बसलोही नव्हतो. शुक्रवारी तिला हॉस्पिटलात दाखल केलं, तेही तुला चार ओळींच्या मेसेजने कळवलं. त्यावर तू विचारलंस, "भाऊजी, फोन का करत नाही?" त्याला मी उत्तर दिलं नाही. फोनवर तू सरळ प्रश्न विचारतेस आणि मी सोयीचं उत्तर देऊन सुटतो, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितो आहे. खाली कँटीनच्या शेजारी एक बाक आहे, तिथे बसलो आहे. सहाला तिला भेटायला सोडतील.

आधी ताईची खबर. ताप आज सकाळी एकशे दोन होता. ऑक्सिजनचा मास्क लावूनही आकडा एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या वर जात नाही. दोन्ही फुफ्फुसांत खाली पांढरं दिसतं आहे. चार दिवस अँटिबायोटिक चालू आहे, पण म्हणावा तसा उतार नाही. तू नर्स आहेस, तुला याचा अर्थ मी सांगायला नको. ती बोलत नाही, बोललं की दम लागतो. काल मात्र मास्क बाजूला करून तिने मला विचारलं, "जेवलात का?" मी हो म्हटलं. तेही खरं नव्हतं.

आता सप्टेंबरकडे जातो. पाच तारखेला आम्ही तिच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे अंधेरीला गेलो होतो. दर सहा महिन्यांनी सलाईनमधून जे औषध देतात, त्याची पुढची तारीख दहा ऑक्टोबर ठरली. डॉक्टर म्हणाले, त्याच्या चार आठवडे आधी न्यूमोनियाची लस घ्या, म्हणजे बारा सप्टेंबरपर्यंत. मी का म्हणून विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही मास्तर ना? लस म्हणजे शिकवणं. शिकणाऱ्या ज्या पेशी असतात, त्याच आमचं औषध काढून टाकतं. दहा ऑक्टोबरनंतर तुमचा वर्ग रिकामा. रिकाम्या बाकांना शिकवून काय उपयोग? आणि शिकवून लगेच शाळा सोडली तरी उपयोग नाही, धडा पाठ व्हायला वेळ लागतो." मग सुरुचीकडे बघून म्हणाले, "तशीही तुमच्या गोळ्यांनी अर्धी मुलं पेंगलेली आहेत. जेवढी शिकतील तेवढी शिकू देत." ती हसली होती. मी घरी येऊन हे सगळं डायरीत लिहिलं. तुलाही फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, "भाऊजी, दिवस मोजून घ्या. आमच्या वॉर्डात लस घेतलेले खूप येतात, पण कधी घेतली विचारलं की सगळे छताकडे बघतात."

बारा तारीख पितृपंधरवड्यात येत होती. चौदाला, रविवारी, बाबांचं श्राद्ध होतं. ते गेल्यानंतरचं पहिलंच, त्यामुळे नंदाखालला आईकडे सगळे भाऊबंद जमणार होते. आई म्हणाली, "पंधरवड्यात कशाला टोचून घेते ती? सरू दे की." डायरीत बारा तारखेच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: लस पुढे ढकलली, कारण आई. गेले तीन महिने मीसुद्धा हेच धरून बसलो होतो. वाडीत राहणारी म्हातारी बाई, तिची श्रद्धा, आणि तिचं मन न मोडणारा मी, असं ते चित्र होतं.

काल रात्री ते पान पुन्हा वाचलं. आईने ते एकदाच म्हटलं होतं, तेही अळूची पानं पुसता पुसता. दुसऱ्या मिनिटाला ती केळीच्या घडाबद्दल बोलत होती. मी तिला डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं असतं, तर "मग घ्या बाबा" म्हणाली असती. मी सांगितलं नाही, कारण मला तिचा नकार सोयीचा होता. लस घेतली की दोन दिवस हात दुखतो, कणकण येते, आणि रविवारी पंचवीस पानांचा स्वयंपाक होता. सुरुचीने आदल्या आठवड्यात मला दोनदा विचारलं, "अहो, जायचं ना शुक्रवारी?" दुसऱ्यांदा मी म्हणालो, "आईला आवडत नाहीये, बघू." आणि रविवारी सुजलेल्या बोटांनी तिने वडे थापले. त्याआधी शुक्रवारी, बारा तारखेला संध्याकाळी, तू विचारलंस आणि मी तुला 'लस झाली' असा मेसेज केला. वाटलं, चार दिवसांत होईलच, मग ते खोटं राहणार नाही.

चार दिवसांत झाली नाही. माझे पेपर तपासायचे होते, मग घट बसले, तिचे उपास सुरू झाले. शेवटी दसऱ्याला, दोन ऑक्टोबरला, आगाशीच्या आपल्या डॉक्टर वसुंधरांकडे गेलो. त्यांनी टेबलावर स्टेथोस्कोप आणि कात्र्या मांडून झेंडूची फुलं वाहिली होती. म्हणाल्या, "चांगल्या दिवशी आलात." मग विचारलं, "ते सलाईनचं औषध कधी आहे?" मी म्हणालो, "पुढे आहे." आठ दिवस पुढे होतं, पण मी एवढंच म्हणालो.

दहा तारखेला औषध द्यायच्या आधी नर्सने एक फॉर्म दिला. लस घेतली का, कोणत्या तारखेला. दोन ऑक्टोबर लिहिलं असतं तर त्यांनी डॉक्टरांना विचारलं असतं, औषध दोन-तीन आठवडे पुढे गेलं असतं. सुरुचीला त्या दिवसांत कंगवा धरता येत नव्हता. तिचे हाल बघवत नाहीत म्हणून मी असं केलं, असं लिहायला आत्ता माझा हात पुढे होतो आहे. खरं कारण त्याहून लहान आहे. आम्ही तुमचं ऐकलं नाही, हे डॉक्टरांसमोर म्हणायची मला लाज वाटली. मी बारा सप्टेंबर लिहिलं. सुरुचीने फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश सही केली.

त्यानंतर मी स्वतःच त्या तारखेवर विश्वास ठेवायला लागलो. भावेशचं लग्न चार डिसेंबरला होतं. माझा चुलतभाऊ, तू त्याला ओळखतेस. दोन वर्षांत गर्दीच्या भीतीने तुझ्या ताईने घरातली दोन लग्नं चुकवली होती. या वेळीही ती "तुम्ही जाऊन या" म्हणत होती. मी म्हणालो, "लस घेतली आहेस ना, मग कसली भीती? चल." हळदीला मांडवात ती लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीच्या शेजारी तीन तास बसली होती, मास्क पर्समध्ये ठेवून, मागून ओळी धरत. चाळीसेक बायका खेटून बसलेल्या, त्यातल्या निम्म्या खोकत होत्या. मी लांबून पाहत होतो आणि खूश होतो. लग्नानंतरच्या मंगळवारी तिला खोकला सुरू झाला. तो मांडवातूनच आला असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. मला तशी गरजही वाटत नाही.

आज सकाळी अकराला छातीचे डॉक्टर राउंडला आले. फाइलमध्ये अंधेरीचा तो फॉर्म लावलेला आहे. त्यांनी मोठ्याने वाचलं, "लस बारा सप्टेंबर, औषध दहा ऑक्टोबर. अगदी व्यवस्थित केलंय तुम्ही. लोक इथेच घोळ घालतात." मग बरोबरच्या डॉक्टरला म्हणाले, नेहमीच्या जंतूंच्या मागे फार लागायला नको, दुसरं काही आहे का ते बघू, उद्या दहाला फुफ्फुसात दुर्बीण घालून आतलं पाणी तपासू. ऑक्सिजन इतका कमी असताना त्यात धोका आहे, हेही सांगितलं. मी मान हलवली. सुरुची माझ्याकडे पाहत होती. चादरीवरचा हात तिने जरासा उचलला आणि खाली ठेवला, राहू द्या म्हणतात तसा. ती मला सांभाळत होती. ते गेल्यावर नर्सने विचारलं, "सर, काही सांगायचं होतं का?" मी पाण्याची बाटली कुठे मिळेल ते विचारलं.

इथवर लिहिलं आणि उठलो. आता पावणेसहा वाजले आहेत. वर जाऊन वॉर्डाच्या दाराशीच ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगितलं. अँजेला नावाची तरुण मुलगी आहे, नुकतीच शिकून आलेली असावी. तिने मधे एकदाही टोकलं नाही. फॉर्मवरच्या तारखेवर एक रेघ मारली, वर दोन ऑक्टोबर लिहिलं आणि विचारलं, "हे आधीचं कुणी लिहिलं होतं?" मी म्हटलं, मी. "मग बाजूला सही करा." मी केली. खरी तारीख कळल्याने काय बदलेल, असं विचारलं तर म्हणाली, "कदाचित काहीच नाही. वेळेवर घेऊनही यांना ती किती लागू पडली असती सांगता येत नाही. पण आम्ही लस धरून चाललो होतो, ती आता धरायची नाही. दुर्बिणीचं सर ठरवतील. त्यांना मी फोन करते, पण उद्या नऊला तुम्ही स्वतः सांगा." मी खाली आलो. हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

क्षितिजा, हे डॉक्टरांना सांगून भागलं असतं, तुला लिहायची गरज नव्हती. लिहिलं ते शनिवारच्या तुझ्या फोनमुळे. तो स्पीकरवर होता. तू तिला म्हणालीस, "ताई, लस म्हणजे चिलखत नव्हे, तुला अक्कल नाही का, मांडवात जाऊन बसायला कुणी सांगितलं होतं?" तिने मास्क बाजूला केला आणि दोन श्वासांच्या मधे म्हणाली, "मीच गेले." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो आणि ते तसंच राहू दिलं. तू चिडलीस ते प्रेमापोटी, पण ते चुकीच्या माणसावर निघालं. या पानांचे फोटो आत्ता तुला पाठवतो. गुरुवारी तू येशील तेव्हा मला काय बोलायचं ते बोल, सगळ्यांसमोर बोललीस तरी चालेल. पण आधी तिच्याजवळ जाऊन बस. तिच्यात तोवर बोलण्याइतका दम असेल की नाही मला माहीत नाही, आणि 'मीच गेले' हे तुझ्या मनात तिचं शेवटचं वाक्य म्हणून राहायला नको.

तुझाच,
जितेश भाऊजी

उद्या, सकाळी नऊ: डॉक्टरांना लसीची खरी तारीख तोंडाने सांगणे, सुरुचीच्या खाटेशी उभं राहून, तिला ऐकू जाईल असं.