आखाजीला येते म्हणालीस

प्रिय चेतना,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण सख्ख्या बहिणीला दुसरं काय लिहू? फोनवर बोलले असते तर तोंडून शिव्याच निघाल्या असत्या, म्हणून लिहितेय. पूर्ण वाच. अर्ध्यावर टाकून द्यायची तुझी खोड मला माहीत आहे.

आई जाऊन चार महिने झाले, तरी आईचं करायला ठेवलेली रूपलीबाई सकाळी येतेच. चहा टाकते, आईच्या रिकाम्या खाटेपाशी बसते आणि जाते. तिला येऊ नको म्हणवत नाही.

आईला लकवा झाल्याचा फोन आला तेव्हा न्यू जर्सीत तुझ्याच स्वयंपाकघरात आपण ठरवलं होतं, आठवतं? आधी मी गावी जायचं, मग वर्षाने तू येऊन मला मोकळं करायचं. तुझे जिजाजी गेल्यापासून मी आणि दिपाली तुझ्याच घरी राहत होतो, म्हणून शाळेसाठी तिला तुझ्याकडे ठेवलं. फार दिवस बाहेर राहिलं तर ग्रीन कार्ड जातं, म्हणून निघण्याआधी दोन वर्षं बाहेर राहून परत येता येईल अशा परमिटचा अर्जही केला. सगळं नीट केलं होतं गं मी.

पहिल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला येते म्हणालीस. आईने कडुलिंबाला झोका बांधून घेतला. तोंड वाकडं झालेलं, शब्द धड फुटत नव्हते, तरी तू कधी येणार म्हणून रोज विचारायची, "चेतना कवय येई?" तू आली नाहीस, सुटी मिळेना म्हणे. पुढच्या आखाजीला नक्की म्हणालीस. अगं, आपल्याकडे पोरी सासरी भांडून येतात, अंगात ताप घेऊन येतात, पण आखाजीला माहेरी येते म्हटलेला शब्द कुणी खोटा पाडत नाही. त्यावरच मी विसंबले. तू तेव्हाही आली नाहीस.

परमिट संपायला पंधरवडा उरला होता. आईला रूपलीबाईच्या हवाली करून निघते, असं मी तुला फोनवर रडत सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, वकिलाला विचारलंय, परमिट तिथूनच वाढवून मिळतं, तू आईला सोडू नकोस. किती हायसं वाटलं मला! त्या दिवशी आईला भरवताना म्हटलं, बघ, तुझी चेतना आपल्यासाठी किती धावपळ करते. आई हसली होती.

आई गेल्यावर तिकीट काढायला नंदुरबारला गेले, तेव्हा कळलं की ते परमिट वाढवून मिळतच नाही. मी त्या वकिलाला लाखोल्या वाहिल्या. मग गेल्या महिन्यात दिपाली बोलता बोलता म्हणाली, त्या दिवशी तीही तुझ्याबरोबर वकिलाकडे होती. तो स्पष्ट म्हणाला होता, वाढ नाही, बहिणीला लगेच परत बोलवा. आणि गाडीत तू तिला सांगितलंस, तुझ्या आईला गावातच बरं वाटतं, तिला काही बोलू नकोस. आता पोर मला विचारते, तुला खरंच यायचं नव्हतं का गं आई?

केसाने गळा कापलास चेतना. तुला मूल नाही याचं दुःख मला ठाऊक नव्हतं का? दिपालीला पहिल्यांदा तुझ्या मांडीवर मीच ठेवलं. राहतच होतो की तिघी एका घरात. पण तुला ती एकटीला हवी होती.

आता परतणाऱ्या रहिवाशांचा म्हणून एक व्हिसा असतो, त्यासाठी मी मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये अर्ज करतेय. परतायचा माझा इरादा होता आणि माझ्या हातात नसलेल्या कारणाने मी अडकले, हे त्यांना पटवून द्यावं लागतं. आईच्या आजाराचे कागद आहेत. पण परमिट हातात असताना का निघाले नाही, हे विचारतील, आणि त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसले असते, पण माझी पोर तिकडे आहे. वकील काय म्हणाला आणि तू मला काय सांगितलंस, ते तुझ्या सहीनं लिहून पाठव. माफी लिहू नकोस, त्यांना ती लागत नाही आणि मलाही नको. फक्त एकटी बसून लिहू नकोस. दिपालीला शेजारी बसव, लिहून झालं की आधी तिला वाचायला दे, आणि मगच पाकीट बंद कर.

काही झालं तरी तुझीच,
हंसाताई