आंदणाचा दिवा

बाबा,

दादाच्या मुलीचं लग्न झालं आणि तिच्या मागे दिवा धरायला कुणीही उभं नव्हतं. तुम्हाला हे खपलं नसतं, म्हणून मुद्दाम सांगते आहे. बाकीच्या घरांत नवरीच्या मागे करवली उभी राहते. आपल्याकडे ते काम एकाच घराण्यातल्या बाईचं, आणि त्याची गोष्ट तुम्ही आल्यागेल्याला किती रंगवून सांगायचात! आपले मूळपुरुष संस्थानच्या फौजेत होते. त्यांना सासऱ्यांनी भांडीकुंडी, गाई आणि एक मुलगी आंदण दिली. ती मुलगी नवरीच्या मागे दिवा धरून बडोद्याला आली, आणि तिच्या लेकी-नाती अजून तो मान चालवतात. आधी भांडी, मग गाई, मग मुलगी, याच क्रमाने सांगायचात. ऐकणारे माना डोलवायचे. त्या मुलीला यायचं होतं का, असं मी एकदा जेवताना विचारलं, तर तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "तिच्या पिढ्यान्‌पिढ्या आपण सांभाळल्या," म्हणालात, आणि मला भरल्या पानावरून उठवलंत.

सांभाळल्या! या एका शब्दाने माझं डोकं आजही फिरतं. माणसाला जायला दुसरी जागाच ठेवायची नाही आणि वर सांभाळलं म्हणायचं. त्याच मुलीच्या वंशातली मावशी आपल्या मागच्या खोलीत राहायची. पहाटेपासून आपल्या घरात राबायची, त्याबद्दल तिला दोन वेळचं जेवण आणि सणाला लुगडं. पगाराचा विषय कुणी काढलाच नाही, कारण पगार परक्यांना देतात आणि मावशी तर घरचीच! तिची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकाच शाळेत गेलो, सागरगोटे खेळलो, पण दसऱ्याला तुम्ही तलवारीची पूजा करायचात तेव्हा मी तुमच्या शेजारी पाटावर असायचे आणि ती दारात पाणी घेऊन उभी असायची.

माझ्या लग्नाचा आठवडा आठवतो. स्वयंपाकघरात आई लाडू वळते आहे, मावशी खाली बसून खोबरं किसते आहे. तुम्ही दारात येता तेव्हा ती मान वर न करता सांगते की पादरा गावचे पाहुणे मुलीला बघायला येणार आहेत, नेमके लग्नाच्याच दिवशी, त्यांना दुसरा दिवस सोयीचा नाही. दिवा या वेळी घरातल्या कुणी धरला तर चालेल का, एवढंच ती विचारते. तुम्ही आवाज चढवत नाही, तुम्ही कधीच चढवत नसायचात. "पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलव," म्हणता. "दिवा दुसऱ्या कुणी धरायचा नाही." मावशी किसत राहते. लग्नात मंगलाष्टकं संपेपर्यंत ती सुजल्या पायांनी माझ्या मागे उभी होती. पादऱ्याचे पाहुणे पुन्हा आले नाहीत.

तिची मुलगी पुढे नर्स झाली, करजणला घर केलं, मावशीला घेऊन गेली. मावशी वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या लग्नाआधी दादाने मावशीच्या मुलीला फोन केला, दिव्याला ये, तुमच्या घराण्याचा मान आहे म्हणून. येते, पण पाहुणी म्हणून येते, असं ती म्हणाली. आणि त्याआधी तुमच्या घरातल्या कुणीतरी एकदा तोंडाने म्हणावं, की आंदण दिलं-घेतलं ते चुकलं, आम्ही माफी मागतो.

दादा असा भडकला की विचारू नका. दांडिया बाजारातल्या आपल्या घरी सगळ्यांना गोळा करून मला म्हणाला, "मी कोणाला आंदण घेतलं? ज्यांनी केलं ते मेले. मी कशाची माफी मागू? छोड ने हवे, सोड आता." वहिनीने मान हलवली, काकांनीही. मी विचारलं, लढाईला तरी तू कुठे होतास? मग दर दसऱ्याला तलवारीला कुंकू लावून 'आपण लढलो' कसं म्हणतोस? पराक्रम वारशाने येतो, घर येतं, आडनावाचा तोरा येतो, आणि अन्याय तेवढा ज्याचा त्याने बरोबर न्यायचा? यावर मीच उद्धट ठरले. शुभकार्यात विघ्न नको, असं ठरलं. ती आली नाही.

लग्न आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी करजणला गेले. "आव आव, बेस," म्हणाली, तशीच, शाळेतल्यासारखी. मी बसले नाही. एसटीत मनाशी घोकलेलं उभ्यानेच बोलले: आमच्या पूर्वजांनी माणसाला भांड्यासारखं घेतलं, तुमच्या पिढ्या फुकट राबवल्या, दादा म्हणो न म्हणो, मी माफी मागते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना तर मी पाहिलंही नाही. तुझ्या बाबांचं काय?"

बाबा, मी म्हणाले, "ते मनाने चांगले होते गं."

ती चहा ठेवायला आत गेली.

तुमच्यावरचा राग मी इथे कागदावर काढते आहे, कारण हे तुम्हाला पोचणार नाही. ज्यांचे चेहरेही मला ठाऊक नाहीत त्यांच्या वतीने माफी मागताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. तुमच्यासाठी ती मागायला पुन्हा करजणला जायचं आहे, आणि अजून मी गेलेले नाही.