अब्बांना सांगितलेले पिक्चर

४ जानेवारी, रविवार
अब्बांना घेऊन बारामती. मारामारीचा पिक्चर, साऊथचा, हिंदीत डब केलेला. सुरुवातीला बराच वेळ हिरो नुसता चालतो. मी अब्बांच्या कानाशी लागून सांगतोय, चालतोय. "अजून?" अजून चालतोय. "गाडी न्हाय व्हय त्याच्याकडं?" पुढचा माणूस वळून बघायला लागला.

अब्बांचा डावा डोळा शुगरनं मागंच गेला. उजव्याला उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, तोंड कळत नाही. पण रविवारचा पिक्चर हवाच. इंदापुरात सगळा जन्म शिलाई मशीनवर काढला, रविवार तेवढा पिक्चरचा. मशीन सुटली म्हणून पिक्चरही सोडायचा का, असं म्हणतात. त्यामुळं बघायचं त्यांनी आणि बोलायचं मी.

मारामारी सांगायला सोपी वाटते, पण नाही. एकदा "मारला" म्हटलं की पुढं काय? परत मारला. गुंड पण कसले, रांगेत उभं राहून एकेक जण मार खायला येतो. अब्बांना फटक्यांपेक्षा कपड्यांची काळजी. "कोटाला मागं एक कट का दोन?" आता तो माणूस हवेत उडतोय, कट कुठं मोजू! दोन म्हणून ठोकून दिलं. पिक्चरला दहात चार, तेही व्हिलनमुळं.

८ जानेवारी
दुकान बंद ठेवून परत बारामती. डोळ्यांचा दवाखाना. इकडं दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायच्या पडल्यात, ऊसवाल्यांचे फोनवर फोन. डॉक्टरांनी अब्बांना तपासलं, बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल. दिसण्याची शक्यता निम्मी. बिघडलं तर आहे तो उजेडही जाईल. नाही केलं तर तो तसाही हळूहळू जाणार. रोजे लागायच्या आत काय ते ठरवा म्हणाले.

बाहेर आलो तर अब्बा भिंतीकडं तोंड करून बसलेले. "काय म्हणला?"
"ऑपरेशन केलं की दिसंल म्हणाले."
निम्म्याचं बोलायला जीभच वळली नाही. डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं आणि उपयोग झाला नव्हता. ते अब्बा विसरलेले नाहीत.
"बघू," म्हणाले.

११ जानेवारी, रविवार
विनोदी. सगळं थिएटर हसतं, मग अब्बा विचारतात काय झालं, मग मी सांगतो, तोवर पुढचा विनोद होऊन गेलेला. आम्ही दोघं सगळ्यांच्या मागून हसत होतो आणि लोक आमच्याकडं बघत होते. पिक्चर टुकार. लेखकाला काही सुचलं नाही की कुणीतरी पाय घसरून पडतं. सासरा चिखलात, हवालदार चिखलात, शेवटी नवरदेव चिखलात. तेच ते सांगून माझं तोंड दुखलं. अब्बा मात्र खूश. दहात तीन, अब्बा हसले म्हणून पाच.

घरी आल्याबरोबर रेश्माचं सुरू, "अहो, ऑपरेशनचं काय ठरलं?" बायको रोज विचारते आणि अब्बा रोज "बघू" म्हणतात. मधल्यामधे मी. रोज रोज तेच विचारू नको म्हणून तिच्यावर ओरडलो. जेवणावर वासना नाही.

१५ जानेवारी
मन थाऱ्यावर नाही. दुकानात मोबाईलवर एक थ्रिलर लावून काम करत होतो. सगळा पिक्चर पावसात आणि अंधारात. एका तरी घरात ट्यूबलाईट लावा की बाबांनो. शेवटी कळतं की हिरोच खुनी आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. असली फसवणूक मला चालत नाही. त्या नादात निरवांगीच्या एकाच्या मोटारीची वायर चुकीची भरली, सगळी उसकटून पुन्हा भरतोय.

१८ जानेवारी, रविवार
थ्रिलर, पण हा चांगला. खरंच चांगला. म्हातारा वॉचमन खून बघतो, त्यालाही गोळी लागते. त्याचं ऑपरेशन होऊन तो साक्षीला उभा राहणार का, यावर सगळा पिक्चर. खुनी कोण ते अब्बांनी इंटरवलच्या आधीच सांगितलं. "ज्येचा आवाज लई गोड, त्योच." आणि तोच निघाला!

शेवटाला कुणी बोलतच नाही. दवाखान्यातली खोली, पलंग रिकामा, चादर नीट घातलेली, पलंगाखाली म्हाताऱ्याच्या चपला. कॅमेरा चपलांवर थांबतो आणि संपलं. थिएटर चिडीचूप.
"काय झालं?" अब्बा.
"पलंग रिकामा हाय. खाली चपला हायत."
"म्हातारा कुठं गेला?"
"घरी गेला."
"अनवाणी?"
"पोरानं नव्या आणल्या."
"पोरगं चांगलं हाय," म्हणाले आणि उठले.

दुसरं काय सांगणार होतो? ज्याला ऑपरेशनला तयार करायचंय, त्याला मेलेला म्हातारा दाखवायचा? पिक्चरला दहात नऊ. शेवट माझा नव्हे, त्यांचा धरून.

१९ जानेवारी
सकाळी चहा पिता पिता अब्बा एकदम म्हणाले, "करून टाकू."
"काय?"
"ऑपरेशन. त्या म्हाताऱ्याला गोळी लागून त्यो चालत घरी गेला. माजं तर नुसतं डोळ्याचं हाय."
दवाखान्यात फोन लावला. १२ फेब्रुवारी मिळाली. रेश्मानं शेवया केल्या. मला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची भीतीही वाटली. दिवसभर उगाच दुकानाच्या आतबाहेर करत होतो.

२३ जानेवारी
तात्या आले. कळसचे. पायजमे कायम अब्बांकडं शिवले आणि निम्मे पिक्चर अब्बांबरोबर बघितले, असे जुने दोस्त. मोटार न्यायला आले होते. अब्बा दुकानातच खुर्चीवर. त्यांनी लगेच तो पिक्चर सांगायला घेतला, नव्या चपलांसकट. मी तात्यांना हातानं खुणा करतोय आणि तात्यांचं लक्ष मोटारीत.
"इस्माईलभाई, आवं मेला की त्यो! नातवानं दावलाय मला. मेला म्हणून तर चपला दावल्या."
"घरी गेला."
"कशाचा घरी जातोय!"
अब्बांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. "रफिक?"
मी ग्राइंडर चालू केला. घासायला समोर काहीच नव्हतं, नुसताच चालू केला. बंद केला तेव्हा अब्बा काठी चाचपत उठले होते. घरापर्यंत सोडतो म्हटलं तर नको म्हणाले.
तात्या मला विचारतात, "म्या काय वंगाळ बोललो का?"

२५ जानेवारी, रविवार
अब्बा आले नाहीत. "तू जा." रागानं नाही बोलले, म्हणून जास्त लागलं. घरात बसवेना, गेलो. हेरांचा पिक्चर. हिरो हेलिकॉप्टरला लोंबकळतो, खाली समुद्र, आणि केसांचा भांग जिथल्या तिथं. मी एकटाच बसून पुटपुटत होतो, उडी मारली, दोरी धरली, सुटली, परत धरली. शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली. इंटरवलला बाहेर आलो. एसटी लागलेली नव्हती, स्टँडवर फेऱ्या मारत राहिलो. मार्क देत नाही, बघितलाच नाही.

२९ जानेवारी
संध्याकाळी अब्बांनी बोलावलं. शिलाई मशीनवर हात टेकून बसले होते.
"म्हातारा मेला न्हवं?"
मेला, म्हणालो.
"अशी किती मेलेली माणसं घरी पाठवलीस आजवर?"
दोन-तीन. शिवाय कोटाचे कट. त्यावर जरासं हसले. मग हसू गेलं.
"आन् डॉक्टर? त्यो काय म्हणला हुता?"
मग सगळं सांगितलं. निम्म्याचं, उजेड जाईल त्याचं, नाही केलं तरी जाईल त्याचं. रेश्मा दारात उभी होती, तिलाही हे आजच कळलं.
"पिक्चर सांग तुज्या मनाचा. डोळा माजा हाय." थोड्या वेळानं, "फोन करून सांग, न्हाय येत म्हणावं."

माझी मलाच लाज वाटते. रागही येतो, त्यांचाही! खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी नाही म्हणाले असते, मग मी काय करायचं होतं? आणि माझ्यामुळं हो म्हणून ऑपरेशन बिघडलं असतं तर? दोन्हीकडून मीच. फोन केलेला नाही. उद्या करतो.

२ फेब्रुवारी
फोन झालाच नाही. अब्बा आज तात्यांबरोबर बारामतीला गेले. "तू येऊ नको. तात्या हायत." तात्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, ते डॉक्टरांचं काय ऐकणार! मोटार पुढ्यात घेऊन बसलो, पण रस्त्यावर एसटी दिसली की उठून बघायचो. त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला. दिवस मावळायला दोघं आले. अब्बा सरळ घरात गेले. तात्यांना गाठून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?
"मला भाईर बसवलं, बाबा. त्ये एकलंच आत. लई येळ बसलं हुतं."
अब्बांना विचारायचा धीर झाला नाही.

५ फेब्रुवारी
अब्बा काही सांगत नाहीत. जेवतात, नमाजाला जातात, रेडिओ ऐकतात. मी खोलीच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. रेश्मा म्हणाली, "आता कळलं का, कुणी खरं सांगितलं न्हाय की कसं होतं ते?"
गप बस म्हणालो. बोलली बरोबर.

८ फेब्रुवारी, रविवार
"चल," अब्बा आपणहून म्हणाले. "पर हाय ते सांगायचं."
मारामारीचाच. होतं तसं सांगितलं. हिरो आता म्हातारा झालाय, केसांना काळं लावलंय, पोट आत ओढून मारतो. कोट खांद्यावर उसवलाय.
"नीट बघ. उसवलाय का फाटलाय?"
बघितलं. उसवलेला.
शेवटी हिरोचा भाऊ मरतो.
"मेला?"
मेला.
"डोळं उघडं का मिटल्यालं?"
उघडे.
पिक्चर सुमार आहे, दहात साडेचार, पण इतका नीट मी कुठलाच पिक्चर बघितला नव्हता.

एसटीत खिडकीशी बसले होते. मधेच म्हणाले, "गुरुवारी जायाचंय. तीच तारीख हाय. तू फोन केलाच न्हवतास, डॉक्टर म्हणला."
"दुसरं काय म्हणाले?"
"तुला म्हणला तेच. निम्मं."
"मग?"
"मग काय, जायाचंय. ह्या खेपेला माज्या कानानं ऐकून ठरवलंय."
रात्रभर कूस बदलत पडणार, ते आताच दिसतंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
बारामती, दवाखाना. मी आणि तात्या. रेश्मा घरी दुआ मागत बसलीय, फोन करायचा नाही अशी तंबी देऊन तिनंच दोनदा फोन केला.

अब्बांना हिरवा झगा घातला. शिवणीवरून बोट फिरवून म्हणाले, "टाका लांब घातलाय." नर्सला हसू आलं. भीती वाटते का म्हणून तिनं विचारलं. "वाटती की," म्हणाले, अगदी सरळ. दारापर्यंत मी हात धरून नेलं. मी आत येऊ का म्हटलं, नर्स नाही म्हणाली. मग तिथूनच सांगायला लागलो, समोर दार आहे, पलीकडं डाव्या हाताला पलंग, दोन माणसं उभी आहेत, वर मोठा दिवा... अब्बांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला.
"बास. आतलं मी सांगीन तुला. जसं असंल तसं."
नर्सनं त्यांना आत नेलं आणि दार लावलं. तात्यांनी चहा आणलाय, तसाच पडलाय. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.