फेर बसतो ती जागा

डोंगरकडा,
ऑगस्ट २००६

प्रिय बाई,

वस्तीशाळेतली पोरं तुला बाई म्हणायला लागली ती आता आता. मी थोरली बहीण म्हणून तुला जन्मापासून बाई म्हणून राहिलो, तेव्हा पहिला मान माझा. हा वायरमन कधीपासून पत्रं लिहायला लागला, म्हणशील. काय करू, फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? जेवलास का, खांबावर चढताना पट्टा बांधतोस का, एवढं विचारलं की फोन याडीच्या हातात. आईशी बोलायला मला आवडतंच, पण मी फोन तुला लावलेला असतो. पत्र मधेच तोडता येत न्हाई. फाडता येतं, पण तू कागद फाडणाऱ्यातली न्हाईस. पाठकोरा कागद दिसला की पोरांना चित्रं काढायला देतेस. हाही दे, पण आधी शेवटपर्यंत वाच.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला अंदाज बांधत बसायला नको. पुण्याच्या डॉक्टरनं गेल्या महिन्यात तुला तपासलं. हृदयातली एक झडप गळून राहिली, नवी बसवावी लागंल, दिवाळीनंतर या, आणखी उशीर करू नका, असं सांगितलं. तू गावाकडं आलीस, पिशवी खुंटीला अडकवलीस आणि न्हाई म्हणून मोकळी झालीस. याडी तेव्हापासून रडून राहिली. बा दिवसभर सोयाबीनमधी असतो. दोघांनी मला बजावलंय, दिपक, ती तुझं ऐकती, तू समजव. तू कधी माझं ऐकलंस हे त्यांनाच ठाऊक! तरी मी फोन केला, आणि त्या दिवशी तू पहिल्यांदा खरं बोललीस. म्हणालीस, 'एकदा माझ्यापायी सगळा तांडा थांबला, तेवढं बास झालं. सगळ्यांना थांबवायचं, एवढंच काम मला जन्मभर आलं.' यंदा तीजेच्या सणाला फेरातबी गेली न्हाईस म्हणं. पोरी बोलवायला आल्या तर दार लोटून आत बसलीस. बाई, तुझं ते वाक्य कानात घेऊन मी हिंडून राहिलो होतो.

थांबवणं म्हणतेस, तर मला आठवतं ते सांगतो. आपल्या तांड्यापासून खालच्या गावातल्या शाळेचा रस्ता सगळा चढउताराचा. तू चालता चालता मधेच उकिडवी बसायचीस, गुडघे पोटाशी घेऊन. ओठ निळे, नखं निळी. असं बसलं की दम परत येतो, हे तुला कुण्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. तुझं तूच शोधून काढलं होतंस, एवढुशी असताना. मी दोन्ही दप्तरं घेऊन तुझ्यासमोर उभा राहायचो आणि वैतागायचो. तू खालूनच हुकूम सोडायचीस, उन्हाकडं सरक, सावली पाड माझ्यावर. दम घ्यायला त्रास होऊन राहिलेला, आणि हुकूम सोडायची हौस काही कमी न्हाई! गुरुजींनी नखं का निळी म्हणून विचारलं तर तू सांगितलंस, जांभळं खाल्ली. ऐन हिवाळ्यात जांभळं! गुरुजी हसले आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं न्हाई. मला वाटायचं, हिला भ्या कसं वाटत न्हाई? आता कळतं की वाटत असणार. दाखवायचं न्हाई, एवढंच तू ठरवलं होतंस.

आणि ती तीज आठवती का? तुझी फेरात जायची पहिलीच तीज. पोरींनी टोपल्यांत माती-शेणखत घालून गहू पेरलेला, तांड्याच्या नाईकाच्या, संतरामच्या दारातल्या माचावर टोपल्या मांडलेल्या, रोज पाणी घालायचं आणि टोपल्यांभोवती फेर धरून गाणी म्हणायची. म्हाताऱ्या बायांनी सांगितलं, शितलला फेरात घेऊ नका, तिला दम निघत न्हाई, आणि मधेच फेर मोडला तर अपशकुन होतो. नीलाबाई सगळ्यात पुढं. तू ऐकतेस होय? नवा फेट्या-घागरा आणि कांचळी घालून, गळ्यात याडीचे मणी, सरळ जाऊन पेमाचा हात धरलास आणि गाणंबी तूच उचललंस. आवाज असा खणखणीत की माचावरची मांजर खाली उतरली. मी बाच्या खांद्यावर बसून बघत होतो. गाणं अर्ध्यावर आलं, पोरी पाण्याच्या घागरीचं म्हणायला लागल्या, आणि तुझे पाय थांबले. मला कळलं. याडीला कळलं. तुझे ओठ मला लांबूनच दिसून राहिले होते.

दुसरी कुणी असती तर हात सोडून बाजूला झाली असती, किंवा रडली असती. तू काय केलंस? आहे त्या जागी उकिडवी बसलीस, दोन्ही तळवे जमिनीवर दणादण आपटलेस, जसं काही हे गाण्यातच लिहून ठेवलंय, आणि बाकीच्या पोरींकडं असं डोळे वटारून बघितलंस की बसा की गं, उभ्या काय राहिल्या! पेमा पहिली बसली. मग तिच्या शेजारची. मग एकेक करत सगळा फेर खाली, आणि सगळ्यांचे तळवे जमिनीवर. नीलाबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. फेर मोडला म्हणायची सोयच राहिली न्हाई, कारण एकीनंबी जागा सोडली नव्हती, सगळ्याच बसलेल्या. तुझा दम आला, तू उठलीस, पोरी उठल्या, गाणं पुढं चाललं. संतराम नाईक तेवढा मिशीत हसला आणि म्हणाला, आता असंच. झालं. दरवर्षी त्या घागरीच्या ओळीला फेर बसायला लागला. एवढ्याशा पोरीनं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांदेखत तीजेच्या गाण्यात आपल्यापुरती जागा करून घेतली. मी आजपर्यंत याच्याएवढं धाडस बघितलं न्हाई, आणि मी चालू लाइनजवळ काम करणारा माणूस आहे.

पुण्याचं ऑपरेशन त्यानंतरचं. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरनं तुझ्या छातीला नळी लावली आणि ती काढायलाच तयार न्हाई, मग परभणी, मग औरंगाबाद, मग पुणं. जन्मापासूनच हृदयाला भोक आहे आणि रक्ताची वाट अरुंद आहे, असं याडीला समजावून सांगितलं, तर याडी म्हणाली, मी पोटुशी असताना काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, काहीच न्हाई. तिचा अजून त्यावर पुरता विश्वास बसलेला न्हाई. तुला सेनगावच्या एसटीत बसवायला सगळा तांडा रस्त्यावर आला होता. निंदणीचे ऐन दिवस, पण त्या दिवशी कुणाच्या शेतात खुरपं चाललं न्हाई. तू म्हणतेस ते तांडा थांबणं हेच ना? मी तिथं होतो. कुणी कुरकुरलं न्हाई. नीलाबाई तर एसटीच्या खिडकीतून तुला भाकरी-ठेच्याचं गाठोडं देताना कंडक्टरशी भांडली, म्हणं माझी लेक बसल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. माझी लेक! तीच नीलाबाई.

आणि परत आलीस ते काय रूप होतं! ओठ गुलाबी. मला तर तू ओळखूच येईनास. छातीवर उभा व्रण, आणि तू पोरींना सांगत सुटलीस, मला चेन बसवलीय, लागंल तेव्हा उघडता येती. पुढच्या श्रावणात तीज आली, आणि मला अजून हसू येतं. घागरीची ओळ आली, पोरी सवयीनं धपाधप खाली बसल्या, आणि मधोमध तू एकटी उभी! तुला बसायची गरजच राहिली नव्हती. तू इकडं तिकडं बघितलंस, कंबरेवर हात ठेवलेस आणि अशी हसलीस की गाणं बुडालं. याडी हसता हसता रडायला लागली. नंतर बसायचं बंद करू असं तूच म्हणालीस, तर पोरी ऐकेनात. म्हणाल्या, आम्हांलाबी दम लागतो.

आता तुझी शाळा. मागं मी आलो होतो तेव्हा तू पोरांना शरीराचा धडा शिकवून राहिली होतीस. दवाखान्यातली नळी कुठून आणायची, म्हणून तू पाठ करून बसलीस आणि एकेका लेकराला म्हणालीस, लाव कान. सगळी पोरं रांगेनं येऊन तुझ्या पाठीला कान लावून ऐकून राहिली होती. सेवा नावाची ती चिमुरडी म्हणाली, बाईच्या आत गिरणी चालू आहे. तू म्हणालीस, व्हय, ज्वारी दळून राहिली, आणि फळ्याकडं वळून हृदयाचं चित्र काढायला घेतलंस. मी दारात उभा होतो. बाई, लोक दुखणं लपवतात, सोयरिक मोडंल म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. तू ते लेकरांना शिकायला दिलंस. त्या दिवशी मी नुसता चहा पिऊन निघून आलो, पण रस्ताभर ऊर भरून आला होता. मला तुझं नवल वाटतं. लहानपणी वाटायचं तेवढंच, उलट जास्त. आपल्या घरात मोठी कामं करणारं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी खांबावर चढणाऱ्या स्वतःचं नाव घेणार न्हाई.

हे सगळं तुला ठाऊकच आहे. तुला ठाऊक न्हाई ते आता सांगतो, आणि त्यासाठीच कागद घेऊन बसलोय. परवा इथून पुढं डोंगराच्या अंगाला असलेल्या एका तांड्यावरून बोलावणं आलं, तीज चाललीय आणि लाइट गेलीय. त्या तांड्यात मी याआधी पाय ठेवला नव्हता, ओळखीचं कुणी न्हाई. दिवस मावळायला आला होता. मी खांबावर चढलो, पट्टा बांधला (बांधला हं, बाई), आणि तार जोडायला लागलो. खाली पोरींचा फेर चालला होता, आपलंच गाणं. पाण्याच्या घागरीची ओळ आली आणि सगळा फेर खाली बसला. सगळ्या पोरी उकिडव्या, गुडघे पोटाशी, तळवे जमिनीवर दणादण. माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. थोडं थांबल्या, दम घेतला, उठल्या, गाणं पुढं गेलं. मी खाली उतरलो आणि रूपाबाई म्हणून एक म्हातारी होती तिला विचारलं, तुमच्या पोरी मधेच काहून बसतात? ती माझ्याकडं असं बघायला लागली की हा कसला गोर बंजारा, याला एवढंबी ठाऊक न्हाई! म्हणाली, 'जुनी रीत हाय बाबा, आमच्या आजीपासून. गव्हाच्या कोंबाला दम घेऊ द्यावा लागतो, न्हाई तर पीक पिवळं पडतं.' मग चौकशी केली तर कळलं, जवळा बाजारकडं दिलेल्या आपल्या पेमाची नणंद त्या तांड्यात नांदती. तिनं आणलं असणार. रूपाबाईला मात्र शितल कोण, सेनगाव कुठं, काही ठाऊक न्हाई. तिच्या लेखी ती जुनी रीत आहे. बाई, तू म्हणतेस मी सगळ्यांना थांबवलं. व्हय, थांबवलंस. जिथं तुला कुणी ओळखत न्हाई तिथल्या पोरी तुझ्या दमाला थांबून राहिल्या, हसत, हौसेनं, आणि पुढं त्यांच्या लेकीबी थांबतील. मी त्या म्हातारीला खरं काय ते सांगितलं न्हाई. ते मला सांगायचं न्हाई, तुला दाखवायचंय. पुढच्या श्रावणात मी तुला जीपमधून त्या तांड्यात नेणार, फेराच्या कडेला नेऊन उभी करणार. घागरीची ओळ येईल, सगळ्या बसतील, आणि त्या वर्षासारखीच तू एकटी उभी राहशील, कंबरेवर हात ठेवून. त्यासाठी आधी पुण्याला जावं लागंल. मी रजा टाकलीय. खुंटीवरची पिशवी काढ आणि याडीला व्हय म्हणून सांग.

उन्हाकडं सरकून अजून उभा असलेला,
तुझाच,
दिपक